मदत हवी आहे: जेनेट मॅक्डोनल्ड आणि नेल्सन एडी यांचं प्रकरण खरं मानावं का?

मंडळी, जुन्या हॉलिवूड संगीतपटांवर आमच्या श्रोतृमंडळात बोलायचं आहे आणि गाडं या गायक-अभिनेत्यांच्या जोडीपाशी अडलंय. १९३५ ते १९४२ या काळात एमजीएम या स्टुडिओसाठी दोघांनी आठ चित्रपट केले, बहुतेकांत प्रेमी म्हणून. पण १९३७ मध्ये जेनेटने लग्न केलं अभिनेता जीन रेमंडशी, आणि त्या लग्नात गायला कोण, तर एडीच! १९३९ मध्ये त्यानेही ॲन फ्रँकलिनशी संसार थाटला. दोघांचीही लग्नं शेवटपर्यंत टिकली.

शॅरन रिच यांच्या १९९४ च्या पुस्तकात मात्र दोघांचं छुपं प्रेम वर्षानुवर्षं चाललं असं मांडलंय. आधार पत्रांचा आणि निकटवर्तीयांच्या आठवणींचा. जेनेटची बहीण ब्लॉसम रॉक ही रिच यांची जवळची मैत्रीण (हीच 'ॲडम्स फॅमिली' मालिकेतली आजी). १९९८ मध्ये जेनेटचं चरित्र लिहिणारे एडवर्ड बॅरन टर्क यांना हा दावा मान्य नाही. मला स्वतःला रिच यांची बाजू पटावीशी वाटते, म्हणूनच जरा भीती वाटते.

दोन्ही पुस्तकं कुणी वाचली आहेत का? मूळ पत्रं पूर्ण छापलेली कुठे मिळतील? लॉस एंजेलिसकडचं कुणी असेल तर बेव्हर्ली हिल्सच्या मार्गारेट हेरिक लायब्ररीत या दोघांचे कागद पाहता येतात का, एवढं विचारून सांगाल? नुसत्या यूट्यूबच्या लिंका नकोत, त्या ढिगाने आहेत.