मदत हवी आहे: मनोरुग्णालयावरचं ॲब्सर्ड नाटक बसवतोय

मंडळी, आमचा हौशी ग्रुप प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरातल्या मिनी थिएटरमध्ये प्रयोग करायच्या विचारात आहे. मनोरुग्णालयातला एक वॉर्ड. सगळे डिस्चार्जच्या सहीसाठी थांबलेत, सही करणारा डॉक्टर समोरच बसलाय, पण पेन स्टोअरमधून मंजूर व्हायचंय.

अडचण अशी, की तालमीत जो तो केस विस्कटून डोळे गरागरा फिरवतो. लोकांनी वॉर्डच्या नियमांवर हसावं, रुग्णांवर नाही. एकच प्रवेश जमलाय: एक बाई रिकाम्या खाटांची हजेरी घेते, अगदी शाळेतल्या बाईंसारखी, शांतपणे. बाकीच्यांना या सुरात कसं आणू?

विजेच्या शॉकच्या प्रवेशावरूनही वाद आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल न देता शॉक द्यायला बंदी आहे, साखळीने बांधायलाही. मग नाटक जुन्या काळात न्यावं, की काळच सांगू नये? मला दुसरं बरं वाटतं, नेपथ्यही स्वस्तात होईल!

मनोरुग्णांसोबत काम केलेलं कुणी दादरला तालीम बघायला येईल का? संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रयोगाच्या किती आधी पाठवता तुम्ही? आणि लोखंडी खाटा भाड्याने कुठे मिळतील?