गच्चीवर विमानांचा अँटेना : परवानगीचा विषय

बी-५०२ : सगळ्यांना नमस्कार. मासिक सभेआधी एक विषय इथेच मांडतो, म्हणजे तिथे वेळ जाणार नाही. लिफ्टच्या मशीन रूमच्या भिंतीला क्लॅम्प मारून हातभर पाइपवर एक छोटा अँटेना लावायची परवानगी हवी आहे. प्रवासी विमानं आपली जागा, उंची, वेग रेडिओवरून सेकंदाला साधारण दोनदा सांगत असतात. ते ऐकून नकाशावर दाखवणारं यंत्र मी घरी चालवून राहिलो आहे. बाल्कनीतून आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमानं छान दिसतात. पण दिल्ली-हैदराबाद, मुंबई-कोलकाता अशी जी उंचावरून जातात, ती सावनेर-काटोलच्या बाजूला गेली की गायब. मध्ये आपलीच बिल्डिंग येते.

ए-१०१ काकू : भाऊ, टॉवरच का जी हा? शेजारच्या बिल्डिंगवर आधीच मोबाईलचा टॉवर आहे. आमच्याकडे लहान नात आहे.

बी-५०२ : नाही काकू, टॉवर नाही. हा फक्त ऐकतो, पाठवत काहीच नाही. घरच्या रेडिओवर आकाशवाणी लावली तर रेडिओ काही प्रसारण करत नाही, तसंच हे. पाठवणारं यंत्र विमानात, १०९० मेगाहर्ट्झवर. अँटेनाची मधली तार मोजून ६.९ सेंटिमीटर, म्हणजे त्या लहरीच्या लांबीचा चौथा भाग. तिच्याखाली चार तारा तिरक्या वाकवलेल्या. नातीला घेऊन वर या, हातात घेऊन पाहा.

सचिव : वीज कोणाच्या मीटरवर? कॉमन मीटरवर मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

बी-५०२ : माझ्याच मीटरवर, काका. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, त्याला विमानांचे संदेश पकडणारं एक यूएसबी डोंगल, म्हणजे छोटा रिसीव्हर. दोन्ही मिळून पाच वॅटच्या आसपास खातात. दिवसरात्र चालू ठेवलं तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट. गच्चीवर फक्त अँटेना राहील, कॉम्प्युटर माझ्या खोलीत. मे महिन्यात आपल्या स्लॅबवर बंद डब्यात तो ठेवणं म्हणजे त्याचा छळ आहे. ८० डिग्रीच्या पुढे गेला की तो स्वतःच वेग कमी करतो.

ए-३०३ आजोबा : वाचून फार बरं वाटलं. आमचे वडील पोस्टात होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही बाजूंची विमानं रात्री नागपूरला येत, इथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत परत जात. देशाच्या मधोमध असल्याचा मान आपल्या गावाला तेव्हाही होता. बेटा, मला नकाशा मोबाईलवर दिसेल का?

बी-५०२ : दिसेल आजोबा. घरच्या वायफायवर ब्राउझरमध्ये उघडतो, वेगळं अ‍ॅप लागत नाही. संध्याकाळी येऊन लावून देतो. टपालाची गोष्ट मला ठाऊक नव्हती, सविस्तर ऐकायची आहे.

सी-२०४ ताई : दादा, आमच्या मुलीनेही हेच मागवलं आहे, शाळेच्या प्रदर्शनासाठी. संदेश वाचणारा रीडएसबी आणि नकाशा दाखवणारा टार-१०९०, दोन्ही प्रोग्रॅम टाकले. यादीत विमानं येऊन राहिली, उंची दिसते, फ्लाइट नंबर दिसतो, पण नकाशावर एकही नाही. काल रात्री बारापर्यंत बसली होती पोरगी.

बी-५०२ : ताई, यादीत विमानं आहेत म्हणजे डोंगल, अँटेना, ड्रायव्हर सगळं ठीक आहे. ते डोंगल मुळात टीव्ही बघायला बनलं होतं. त्यातून कच्चा सिग्नल काढता येतो हे हौशी लोकांच्या हाती लागलं आणि २०१२ पासून हा सगळा संसार उभा राहिला. रास्पबेरीवरची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम अजूनही त्याला टीव्हीच समजते आणि टीव्हीचा ड्रायव्हर लावते, तो बंद करावा लागतो. रीडएसबीची स्क्रिप्ट ते स्वतः करते. तिथे अडलं असतं तर यादी रिकामी राहिली असती. काही विमानं उंची सांगतात पण जागा सांगत नाहीत, अशी एखाददोन यादीत असणारच. पण सगळीच्या सगळी? मग लोकेशन तपासा. सेटिंगमध्ये अक्षांश, रेखांश काय टाकले आहेत?

सी-२०४ ताई : थांबा, विचारते. ७९.०७ आणि २१.१०.

बी-५०२ : सापडलं. क्रम उलटा झाला आहे. आधी अक्षांश, म्हणजे २१.१०, मग रेखांश ७९.०७. आता तिचा रिसीव्हर स्वतःला नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्डच्या बर्फात समजतो. प्रोग्रॅम काय करतो, की रिसीव्हरपासून ठरावीक अंतराच्या पलीकडची जागा आली तर ती चुकीची धरून टाकून देतो. रेडिओच्या सरळ रेषेत पस्तीस हजार फुटांवरचं विमान फार तर चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवरून ऐकू येतं, आणि तिच्या हिशेबाने आपली सगळी विमानं हजारो किलोमीटर लांब. म्हणून यादीत आहेत, नकाशावर नाहीत.

सी-२०४ ताई : बाई गं! बदललं. आली आली! सात विमानं दिसून राहिली. ती नाचतेय इथे.

बी-५०२ : शाब्बास तिची! तिला हेही सांगा, प्रदर्शनात कामी येईल. विमान आपली पूर्ण जागा एका संदेशात सांगत नाही. सम आणि विषम असे दोन प्रकारचे तुकडे आळीपाळीने येतात. रिसीव्हरला स्वतःची जागा पक्की माहीत असली तर एकाच तुकड्यावरून विमान कुठे आहे ते काढता येतं. आणि धावपट्टीवर उभ्या विमानाचं तर त्याशिवाय जमतच नाही. सोनेगावला जमिनीवर चाकांवर फिरणारी (टॅक्सी करणारी) विमानं नकाशावर नीट हवी असतील तर लोकेशन बरोबर पाहिजेच.

सी-२०४ ताई : ती विचारते, उतरणारं विमान अगदी धावपट्टीजवळ आलं तरी उंची हजार फुटांच्या वर काहून दाखवते?

बी-५०२ : उत्तम प्रश्न. उंची समुद्रसपाटीच्या हिशेबाने, हवेच्या दाबावरून येते. नागपूरच मुळात समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे. विमान जमिनीला टेकलं की उंचीऐवजी ‘जमिनीवर’ असं दिसेल.

सी-२०४ ताई : आणि जवळची विमानं मध्येच तुटतात, लांबची नीट दिसतात.

बी-५०२ : गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती मोठा करतं ते, जास्त आहे. विमानतळ इतका जवळ असताना डोंगलचे कान बधिर होतात. गेन एक-दोन पायऱ्या कमी करा, पाच-दहा मिनिटं पाहा, मग पुढची पायरी. शेजारच्या मोबाईल टॉवरचाही त्रास असतो, त्यासाठी फक्त १०९० च्या आसपासचा सिग्नल आत सोडणारा फिल्टर मिळतो. पण आधी पॉवर ॲडॉप्टर चांगला घ्या. मोबाईलच्या जुन्या चार्जरवर चालवलं तर रास्पबेरी मध्येच बंद पडतो आणि मेमरी कार्ड खराब होतं.

ए-४०१ : सोनेगावला वायुसेनेचं स्टेशन आहे. त्यांची विमानं पण दिसतील का? उगाच सोसायटीला ताप नको.

बी-५०२ : जे विमान स्वतःहून सांगतं तेवढंच ऐकू येतं. लष्करी विमानांनी जागा सांगायची नाही असं ठरवलं तर आपल्याला दिसत नाही. तुमची काळजी रास्त आहे. वकील साहेबांकडून लेखी मत घेऊनच पाइप लावू, त्याआधी नाही.

सचिव : हे लेखी पाहिजेच. आणि ही माहिती बाहेर जाते का? आपल्या बिल्डिंगचा पत्ता कुठल्या वेबसाइटवर नको.

बी-५०२ : फ्लाइटरडार२४, फ्लाइटअवेअर या जगभरची विमानं नकाशावर दाखवणाऱ्या साइट्सना माहिती दिली तर ते बदल्यात सशुल्क खातं फुकट देतात. मी अजून कोणालाच दिलेली नाही. कमिटीने हो म्हटल्याशिवाय देणार नाही, आणि दिली तरी नकाशावर आपली नेमकी जागा लपवून. माझ्या घरातला नकाशा त्याशिवायही चालतो.

ए-१०१ काकू : आणि वीज पडली तर? पावसाच्या तोंडावर आपल्याकडे कशी कडाडते ते पाहता नं.

बी-५०२ : टाकीवर वीजरोधक आहे, अँटेना त्याच्यापेक्षा खाली राहील. पाइपला अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घेतो, माझ्या खर्चाने. गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेवीन. गावी गेलो असलो तर आधीच काढून जाईन.

सचिव : केबल कुठून उतरणार? वॉटरप्रूफिंगला ड्रिल चालणार नाही.

बी-५०२ : ड्रिल नाही. डिशच्या तारांचा जो पाइप आहे त्यातूनच. डिशचीच आरजी-६ केबल वापरतो, या कामाला ती चांगली चालते. पातळ केबलमध्ये सिग्नल अर्ध्या वाटेत मरतो, म्हणून लांबी जितकी कमी तितकं बरं. प्रोग्रॅम टाकणं तासाभराचं काम आहे काका, खरी मेहनत अँटेना उंच, मोकळा आणि जवळ ठेवण्याची. म्हणून तर गच्ची मागतोय.

सचिव : ठीक. वकील साहेबांचं मत, अर्थिंगचं बिल आणि ‘कमिटीने सांगितल्यास काढून टाकीन’ असं पत्र, एवढं द्या. सभेत ठराव घेऊ. माझी हरकत नाही.

ए-३०३ आजोबा : माझंही अनुमोदन लिहून घ्या.

सी-२०४ ताई : दादा, केबल उरली तर तीनेक मीटर मुलीला द्याल? तिचा अँटेना खिडकीत हलवायचा आहे.

बी-५०२ : देतो. कनेक्टर पण क्रिम्प करून देतो. तिलाच वर पाठवा, करताना बघेल.