मदत हवी आहे: पायी वारीत दातांचे रिटेनर कसे सांभाळायचे?

माझी मुलगी यंदा पहिल्यांदाच सासूबाईंच्या दिंडीतून माउलींच्या वारीला निघाली आहे, आळंदी ते पंढरपूर पूर्ण पायी. बारावी झाली, तिची स्वतःची फार इच्छा आहे आणि घरात सगळ्यांनाच आनंद आहे. काळजी एकच. मे महिन्यात तिच्या दातांच्या तारा काढल्या आणि वर-खाली दोन्हीकडे पारदर्शक प्लास्टिकचे रिटेनर दिले, सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे. डॉक्टरांनी बजावलंय, पहिले काही महिने खाणं आणि दात घासणं सोडलं तर दिवसरात्र घालायचे.

घरी हे जमतं. वारीत मात्र वाटेवर जो तो प्रेमाने काहीतरी हातावर ठेवतो. चहा, केळं, राजगिऱ्याचा लाडू. नाही म्हणवत नाही, म्हणूही नये. म्हणजे रिटेनर दिवसभर काढघाल होणार. हात धुवायला दरवेळी पाणी असेलच असं नाही, मुक्कामाला टँकरचं पाणी, मोठं सामान ट्रकमध्ये आणि तिच्या खांद्याला फक्त शबनम. वर पाऊस, चिखल.

ते धुवायचे कसे, जेवताना ठेवायचे कुठे, आणि हरवले किंवा तडकले तर वाटेत काय करायचं? सासूबाई म्हणतात, "एवढे दिवस नाही घातलं तर काय बिघडतं?" त्यांना नीट उत्तर देता यावं असंही वाटतं. कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

निरामय:
ताई, मी दातांची डॉक्टर आहे. आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर देते. तारांनी दात सरकतात, पण त्यांना धरून ठेवणारे हिरड्यांमधले तंतू नव्या जागी स्थिरावायला कित्येक महिने घेतात, काही तंतूंना तर वर्षभर लागतं. तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. तारा काढल्यानंतरचे पहिले महिने म्हणूनच सगळ्यात नाजूक. दोन-तीन आठवडे रिटेनर घातले नाहीत तर नंतर ते बसतच नाहीत, असं होऊ शकतं.

चहाचं तेवढं सांभाळा. रिटेनर घालून फक्त साधं पाणी प्यायचं. गरम चहाने हे प्लास्टिक वाकतं आणि साखर दात आणि रिटेनरच्या मध्ये अडकून बसते. तिथे लाळ पोहोचत नाही, त्यामुळे दात किडतात. पिठल्या-आमटीनंतर चूळ न भरता घातले तर हळदीने पिवळे पडतात.

धुण्याचा नियम सोपा आहे: जे पाणी आपण पिणार नाही, ते रिटेनरलाही नको. बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याने विसळायचे. रोज रात्री मऊ ब्रश आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब पुरतो. टूथपेस्ट नको, तिने बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत घाण साचते. कढत पाणी तर अजिबातच नको. औषधांच्या दुकानात कवळी साफ करायच्या विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या सोबत द्या. आठवड्यातून एक-दोनदा, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरतंच भिजवायचं आणि नंतर खळखळून धुवायचं.

काढताना समोरून एका बाजूने ओढू नये, तडकतात. दोन्हीकडच्या मागच्या दाढांपाशी आतून बोट घालून सैल करायचे.

आणि आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. त्यांच्याकडे दातांचा साचा किंवा स्कॅन असेल, त्यावरून जादा जोड करून मागा. तो मुलीच्या शबनममध्ये नको, आजींच्या पिशवीत राहू दे.

पाऊलवाट:
माउली, मी बरीच वर्षं वारी करतो, माझ्या पुतणीने रिटेनर घालून केली आहे. सगळ्यात मोठा धोका पंगतीचा. मुलं रिटेनर काढून पत्रावळीच्या कडेला नाहीतर रुमालात ठेवतात. जेवण झालं की पत्रावळ दुमडून टाकली जाते, वाढपी घाईत असतात, मग शोधणार कुठे? आम्ही छिद्रं असलेली कडक डबी घेतली, भडक केशरी रंगाची, आणि शबनमच्या पट्ट्याला दोरीने पक्की बांधली. एकतर तोंडात, नाहीतर डबीत. तिसरी जागा नाही. उघड्यावर ठेवूच नका, कुत्री असे रिटेनर चावून टाकतात.

कागदी साबणाची छोटी डबी खिशात ठेवा, ओंजळभर पाण्यात हात स्वच्छ होतात. मिळालेला प्रसाद लगेच तोंडात टाकायलाच हवा असं नाही. कपाळाला लावून पिशवीत ठेवायचा आणि विसाव्याला सगळं एकदम खायचं. कोणी दुखावत नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले, साचा त्यांच्याकडे आहे, जादा जोड प्रस्थानाआधी मिळेल. सासूबाईंनी हे सगळं वाचून घेतलं आणि जादा जोड स्वतः सांभाळायचं कबूल केलं. एकच राहिलं: तरीही वाटेत दोन्ही जोड गेले तर?

निरामय:
तर पंढरपूरला पोहोचेपर्यंत थांबू नका. डॉक्टरांना लगेच कळवा. साचा असल्यामुळे नवीन जोड तयार करून घरच्या कोणाला पुढच्या मुक्कामी आणून देता येईल. सासवड, फलटण इथे दातांचे दवाखाने आहेत, तिथेही दाखवता येईल. मध्ये खंड पडून घट्ट वाटले तर चालेल, पण बसतच नसतील तर जोर लावू नका.

पाऊलवाट:
पालखी पुण्यात दोन रात्री असते. दिवेघाट चढण्याआधी तिथेच तिला भेटून डबी, दोरी, साबण सगळं जमतंय का बघून घ्या. काही कमी पडलं तर शहरात लगेच मिळेल. आणि तिला कपाळावर बांधायचा टॉर्च द्या. पहाटे अंधारात राहुटीबाहेर दात घासताना दोन्ही हात मोकळे लागतात.