मदत हवी आहे: २,८७,००० किलोमीटर झालेली डिझेल डिझायर दुरुस्त करून ठेवावी की बदलावी?

नमस्कार.

मार्च २०१२ मध्ये नोंदणी झालेली स्विफ्ट डिझायर, एलडीआय (सर्वांत खालची श्रेणी), डिझेल, ही आमच्या घरातली एकुलती एक चारचाकी आहे आणि पहिल्या दिवसापासून ती मीच चालवत आलो आहे. आम्ही कराडला राहतो. कामासाठी आठवड्यातून तीन दिवस साताऱ्याला जावे लागते, आणि महिन्यातून दोन-तीनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणजवळच्या गावी आईकडे. वर्षाला वीस हजारांच्या वर किलोमीटर पडतात. एवढे फिरूनही या गाडीने मला रस्त्यात कधी सोडले नव्हते, म्हणून तिच्या वयाचा विचार मी आजवर गंभीरपणे केला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पंधरा दिवसांपूर्वी आईला घेऊन कराडला परतत होतो. पोफळी सोडून घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिनाचा आवाज एकाएकी चढला. आरपीएमचा काटा अडीच हजारांवरून साडेतीन हजारांवर गेला, पण गाडीचा वेग मात्र तसूभरही वाढला नाही. लगेच जळका वास आत आला. मागे भरलेला ट्रक होता, एका बाजूला दरी आणि शेजारच्या आसनावर आई. पहिल्या गिअरमध्ये, पायाचा दाब अगदी हलका ठेवून, कशीबशी वरपर्यंत आणली आणि हेळवाकला अर्धा तास गाडी थंड केली. क्लच गेला आहे हे कळायला कारागिराची गरज नव्हती.

गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेव्हा कामांची यादी क्लचवर थांबली नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचे मजुरीसह १४,००० रुपये. दोन्ही लोअर आर्म (पुढची चाके धरून ठेवणारे दांडे), बुश आणि चारही शॉकअॅब्सॉर्बरचे २४,०००. टायमिंग चेनचे १६,०००. आणि टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) पाइपात तेल दिसते म्हणून टर्बोच्या कामाचे १८,०००. एकूण ७२,००० रुपये. गाडी आहे त्या अवस्थेत विकायची म्हटली तर जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने १,२०,००० सांगितले आहेत. म्हणजे गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम दुरुस्तीवर घालायची का, हा प्रश्न आहे.

घरात बहुतेकांचे मत "आता काढून टाका" असे आहे, पण मी कागदावर हिशेब मांडला तेव्हा तो उलट निघाला. नवीन डिझायर पेट्रोलचे मधल्या श्रेणीचे कोटेशन रस्त्यावर येईपर्यंत साडेआठ लाखांच्या आसपास आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यानंतरचा हा आकडा आहे. जुनी गाडी देऊन आणि थोडी शिल्लक घालून सहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,४५० रुपये होतो, म्हणजे वर्षाला जवळजवळ दीड लाख. माझ्या गाडीवर गेल्या दोन वर्षांत टायरसकट मिळून ८४,००० रुपये खर्च झाले. इंधनातही बचत दिसत नाही. ही गाडी अजून लिटरला अठरा किलोमीटर देते. ९१ रुपयांच्या डिझेलने वीस हजार किलोमीटरला सुमारे १,०१,००० रुपये लागतात, आणि नवीन पेट्रोल गाडीने लिटरला वीस किलोमीटर दिले तरी १०४ रुपयांच्या दराने तेवढ्याच अंतराला १,०४,००० होतात. सीएनजीने हा खर्च बराच खाली येईल हे मान्य आहे, पण गावाहून येताना तांदूळ, नारळ आणि आईची चाकाची खुर्ची डिकीत असते आणि टाकी बसवल्यावर ती जागा उरत नाही.

तरीही मी अडलो आहे, आणि त्याचे कारण पैशात नाही. माझ्या गाडीत एकही एअरबॅग नाही आणि एबीएसही (एकदम ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. त्या काळी सर्वांत खालच्या श्रेणीत ते मिळतच नसे आणि घेताना मी त्याचा विचारही केला नव्हता. पुढे चालकाची एअरबॅग व एबीएस २०१९ मध्ये आणि शेजारच्या आसनाची एअरबॅग २०२१ मध्ये सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. आज मिळणाऱ्या डिझायरमध्ये प्रत्येक श्रेणीला सहा एअरबॅग आहेत आणि ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला पाच तारे मिळाले आहेत. कुंभार्लीत पावसाळ्यात, धुक्यात, ओल्या उतारावर एकदम ब्रेक दाबावा लागला की चाके जाम होऊन गाडी घसरते, हे मी दोनदा अनुभवले आहे. ७२,००० रुपये घालून इंजिन ठणठणीत करता येईल, पण त्या पैशांतून आईच्या पुढ्यात एअरबॅग येणार नाही.

तिसरी बाब रिपासिंगची, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाची. मार्च २०२७ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होतील. महाराष्ट्रात डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा नाही, त्यामुळे योग्यता तपासणीनंतर पाच वर्षांचे नूतनीकरण मिळू शकते. मात्र त्याचे ५,००० रुपये शुल्क, वर पर्यावरण कर, आणि तपासणीआधीची किरकोळ कामे हा खर्च येणारच. शिवाय पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आलेली गाडी विकायला गेलो तर भाव आणखी पडेल, अशी भीती वाटते.

म्हणून जाणकारांना विचारतो. हे इंजिन अजून लाखभर किलोमीटर चालेल की नाही, हे पैसे घालण्याआधी कसे तपासावे? चारही कामे एकदम करणे खरोखर गरजेचे आहे का? आणि सुरक्षिततेसाठी एवढे कर्ज काढणे माझ्यासारख्या मध्यम उत्पन्नाच्या माणसाला शहाणपणाचे वाटते का?

प्रतिसाद

तुमच्यासारखीच गाडी मी कोल्हापुरात ३,४०,००० किलोमीटरपर्यंत चालवली आहे, म्हणून अनुभवाने लिहितो. हे १२४८ सीसीचे मूळ फियाटचे इंजिन आहे. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केले असले, तरी हेच इंजिन टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही असल्यामुळे सुट्या भागांची अडचण येणार नाही.

आधी इंजिन तपासा, मग पैसे घाला. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करा. झाकण हलके थरथरले तर चिंता नाही, पण ते उडू लागले आणि खालून धूर जोराने येऊ लागला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत असे समजा. दोन हजार किलोमीटरमागे डिपस्टिकवर (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर) तेल किती उतरते याची नोंद ठेवा. टर्बोच्या पाइपात तेलाचा पातळ थर असतोच, कारण इंजिनातली वाफ तिथूनच परत ओढली जाते. पाइप काढून टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहायला सांगा. तो डगमगत नसेल आणि तेल कमी होत नसेल, तर ते १८,००० रुपये तूर्तास वाचवा. टायमिंग चेनही सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखडत असेल तरच बदला.

क्लच मात्र करावाच लागेल, आणि लोअर आर्म थांबवू नका. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर तेही बदला. ते हवेतला ओलावा शोषते, आणि घाट उतरताना तापले की पॅडल खाली बसते.

सुरक्षिततेबद्दलची तुमची काळजी योग्य आहे. पण नवीन गाडी किंवा हीच गाडी, एवढेच दोन मार्ग नाहीत. २०२२ नंतरची, एका मालकाची, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली पेट्रोल गाडी पाहिलीत तर कर्ज बरेच कमी लागेल.

माझे उत्तर

इतक्या सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आज सकाळीच झाकण सैल करून पाहिले; ते जागेवर थरथरत राहिले, उडाले नाही. थंड इंजिनाचा आवाजही स्वच्छ होता. ऑइल बदलून सहा हजार किलोमीटर झाले आहेत आणि डिपस्टिकवर पातळी अजून दोन खुणांच्या मध्ये आहे. शनिवारी कॉम्प्रेशन मोजून घेतो, आणि आकडे बरे आले तर क्लच, लोअर आर्म आणि ब्रेक ऑइल एवढीच कामे करतो. साताऱ्याची ये-जा या गाडीने चालू राहील. पावसाळ्याच्या आत आईसाठी २०२२ नंतरची गाडी शोधायची, असे घरी ठरले आहे.

एक गोष्ट तेवढी अजून विचारायची आहे. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि आत्ताच्या गाडीत ती सतरंजीची घडी आसनावर ठेवून, आधी बसून मग पाय आत घेते. अशा व्यक्तीला वॅगन आर किंवा टाटा पंच यांसारख्या उंच आसनाच्या गाडीत कोणी रोज बसवत असेल, तर चढ-उतार करताना दाराशी धरायला काय मिळते आणि उंबरठा पायाला अडतो का, हे कृपया कळवावे.