मदत हवी आहे: पिल्लाची कलेजी पिवळी, पुढं काय?

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईजवळ आमचं गावरान कोंबड्यांचं छोटं शेड आहे. थंडीत दोन दिवसांची काही पिल्लं दगावली. एक उघडून पाहिलं तर कलेजी हळदीसारखी पिवळी, पोटात बलकाची पिशवी अजून शिल्लक. मोठ्या कोंबडीची कलेजी गडद तपकिरी असते.

वाचल्यावर कळलं, हा आजार नव्हे. 21 दिवस गर्भ मुख्यतः बलकाच्या चरबीवर जगतो, तीच यकृतात साठते. कवच फोडताना चरबी जाळायला ऑक्सिजन अपुरा, म्हणून तेव्हा ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) कामी येतं. पुढं दाणा सुरू झाला की शरीर पिष्टमय पदार्थांवर वळतं.

पण ब्रूडरची (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीची) ऊब कमी पडली तर बलक जिरायचा थांबतो का? आणि छातीचं मांस पांढरं, मांडीचं लाल, हा फरक कितव्या आठवड्यात पडतो? पशुवैद्यक कुणी असतील तर सांगा. आमच्याकडं रात्री लाईटचा भरवसा नाही.