सेव्ह होईस्तोवर माणसाला थांबवायचं का?

धरणगावकर: दिवाळीनंतर जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या ट्रॅक्टरची लाईन लागते आणि प्रत्येक वजनाला स्क्रीनवर ते गोल चक्कर फिरत बसतं, डेटा सर्व्हरला जाऊन परत येईस्तोवर सगळे उभे. माझं स्पष्ट मत, बटण दाबलं की नोंद लगेच स्क्रीनवर दिसली पाहिजे, सेव्ह मागे बॅकग्राउंडला होऊ द्या. सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करायचं याचा अभ्यासक जेकब नील्सनने 1993 लाच लिहून ठेवलंय, 0.1 सेकंदात प्रतिसाद आला की माणसाला तो तात्काळ वाटतो, 1 सेकंदापर्यंत विचाराची तंद्री टिकते. आपल्याकडे ऑपरेटर वैतागून दुसऱ्यांदा बटण दाबतो, मग एकाच गाडीच्या दोन नोंदी.

भुसावळचा डेटाबेसवाला: नाही पटलं भो. स्क्रीनवर 'झालं' आलं, डेटा अजून रॅममध्येच आणि लाईट गेली तर? शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी आणि सिस्टीमला नोंदच नाही, त्याने पैसे कोणाला मागायचे? दोन सेकंद जास्त गेले तर जाऊ द्या ना.

धरणगावकर: रॅममध्ये ठेवा असं कोण म्हणतंय? आधी काट्यावरच्याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये लिहायचं, ते काही मिलिसेकंदांचं काम आहे, सर्व्हरला पाठवणं नंतर रांगेतून. 2010 पासून त्यात वॉल मोड आहे, म्हणजे बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिला जातो; त्यात सिंक्रोनस हे सेटिंग फुल ठेवलं, म्हणजे डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबलं, की एकदा कमिट म्हणजे पक्की झालेली नोंद लाईट गेली तरी जात नाही. नोंदीला तिथेच युनिक आयडी द्या आणि सर्व्हरला तो तपासायला लावा, नेट तुटून तीच नोंद परत गेली तरी दोनदा धरली जाणार नाही.

भुसावळचा डेटाबेसवाला: डिस्क खरं बोलत असेल तर! काही स्वस्त ड्राइव्ह डेटा नुसता कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत घेतात आणि लिहिला म्हणून सांगून मोकळे होतात. आणि पाठवायच्या आधी तो कॉम्प्युटरच जळाला तर?

धुळेकरीण: वजनापुरतं मला धरणगावकर दादांचं पटतं, वजन काट्यावर झालंय, सर्व्हर त्याला नाही म्हणणार नाहीये. पण उचल, म्हणजे शेतकऱ्याला आधी दिलेले पैसे, वळती करायची असेल तर? जळगावच्या आणि चोपड्याच्या ऑफिसात एकाच वेळी नेट नसलं तर दोघंही तीच उचल कापतील, दोन्हीकडे 'झालं' दिसेल आणि संध्याकाळी शेतकरी भांडायला येईल, त्याचं बरोबरच असेल. पैशाच्या नोंदीला सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबायलाच पाहिजे.

धरणगावकर: उचलीचं मान्य ताई, तिथे चक्कर फिरू दे. वजनाला मात्र नाही. नोंदीपुढे 'पाठवायचं बाकी' असं ठळक दाखवू, काटापट्टीवरही तेच छापू.

भुसावळचा डेटाबेसवाला: छापा, पण त्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क लावल्याशिवाय मी सही करणार नाही.