प्रदर्शनासाठी उचलून नेता येईल अशी दागिन्यांची शोकेस: काच घ्यावी की अ‍ॅक्रिलिक?

मणीमाती
नमस्कार. मी टेराकोटा आणि ऑक्सिडाइज्ड दागिने बनवते, थोडे नग चांदीचे. दिवाळीपासून नागपुरात स्टॉल लावायचे आहेत: सोसायटीचा हॉल, लॉन, आणि जागा मिळाली तर सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्रातला मेळा. टेबल बहुतेक ६ बाय २ फुटांचं मिळतं. सामान अ‍ॅक्टिव्हावर नाही तर ऑटोनं, उचलणारी मी एकटी. माल साधारण ६० जोड कानातले, १५ गळ्यातले, ४० अंगठ्या. उभं काचेचं कपाट घ्यावं की आडवे डबे? आत अस्तर कसलं लावावं?

रंधा
ताई, उभं कपाट नको. एकट्या माणसाला ते उतरवताना तिसरा हात लागतो, आणि लॉनवरचं टेबल कधीच समतल नसतं.

२४ बाय १८ इंचांचे, ४ इंच उंचीचे दोन आडवे डबे करून घ्या. दोन्ही मिळून टेबलाचे ४ फूट व्यापतात, २ फूट कानातल्यांच्या स्टँडला आणि आरशाला उरतात. मागे ६ इंचांची पट्टी राहते, तिथे बिलबुक. एवढ्या झाकणाला ४ मिमी काच लावली तर नुसती काच पावणेतीन किलोच्या वर भरते. तेवढंच अ‍ॅक्रिलिक सव्वा किलोच्या आसपास. म्हणून अ‍ॅक्रिलिक घ्या, पण ३ मिमी नको, ते मधे झोळ खातं.

अ‍ॅक्रिलिकला तडा जातो तो बहुतेक वेळा स्क्रूपाशी. उन्हानं ते फुगतं: ६० सेंमीच्या शीटला ३० अंशांच्या फरकात सव्वा मिमी. फ्रेममध्ये घट्ट बसवलं की जागा मिळत नाही आणि भोकापासून चीर निघते. अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये चारही बाजूंना दीड-दोन मिमी मोकळीक ठेवून सरकवा. भोक पाडावंच लागलं तर स्क्रूपेक्षा मोठं.

बिजागरी गिऱ्हाइकाच्या बाजूला. झाकण तुमच्याकडून उघडतं आणि उघडं असतानाही माल व गिऱ्हाईक यांच्या मधे उभं राहतं. दोन्ही बाजूंना स्टे (उघडं झाकण धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) हवेतच, नाही तर वाऱ्याची झुळूक आली की झाकण बोटांवर. डब्याची मागची कड ५ इंच उचला, १६ अंशांचा उतार मिळतो. उभ्या माणसाला वाकावं लागत नाही.

चांदीकाम
अस्तराबद्दल लिहितो, कारण माल खराब होतो तो तिथूनच. चांदी काळी पडते गंधकामुळे. रबराची मॅट, लोकरीचं फेल्ट, काही रंगवलेली कापडं यांतून तो सुटतो, आणि बंद डब्यात त्याला जायला वाट नसते. एमडीएफमधून (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) आम्लाची वाफ येते, म्हणून तळ अ‍ॅल्युमिनियमचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा करा. त्यावर पॅकिंगचा पांढरा ईपीई फोम, वर धुतलेलं सुती कापड. रबर सोल्यूशननं चिकटवू नका, कापड फोमखाली दुमडून टाके घाला.

संग्रहालयांत ऑडी चाचणी करतात: चांदी, तांबं, शिसं यांचे तुकडे त्या कापडासोबत बंद भांड्यात ६० अंशांवर २८ दिवस. घरी एवढी उष्णता जमणार नाही, पण घट्ट झाकणाच्या बरणीत कापड, ओल्या कापसाचा छोटा बोळा आणि चकचकीत चांदीची तार ठेवून महिनाभर बघा. तार काळवंडली तर ते कापड बाद. निकाल ढोबळच, तरी उपयोगाचा.

ऑक्सिडाइज्ड मालाला ही भीती नाही, तो मुद्दामच काळा केलेला. मात्र तो काळ्या मखमलीवर दिसतच नाही. फिक्कट राखाडी किंवा साय रंग घ्या, टेराकोटालाही तोच उठून दिसतो.

मणीमाती
खूप उपयोगी, धन्यवाद. संध्याकाळी दिव्याचं काय करायचं? लॉनवर प्लग पॉइंट मिळेलच असं नाही.

उजेड
५ व्होल्टची यूएसबी एलईडी पट्टी. २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ७४ वॉट-तास, घट जाऊन ४५ धरा. ५ वॉटची पट्टी त्यावर ९ तास चालते. फार कमी वॉटची पट्टी घेतली तर फोन भरून झाला असं समजून काही पॉवरबँका आपोआप बंद पडतात, तेव्हा आधी घरी तासभर लावून बघा. पट्टी गिऱ्हाइकाच्या बाजूच्या कडेला, आतून, तोंड मालाकडे: डोळ्यांवर येत नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो, आकडा कमी तितका तो पिवळसर: चांदीला ४००० केल्विन, टेराकोटाला ३०००.

रंधा
एक राहिलं. अ‍ॅक्रिलिक कोरडं पुसू नका. धूळ ओरखडे काढते आणि घासल्यानं आणखी धूळ चिकटते. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं मायक्रोफायबर पुरे. स्पिरिट, थिनर, अमोनियाचा ग्लास क्लीनर लावलात तर बारीक जाळीदार चिरा येतात, त्या निघत नाहीत. कानातल्यांचा स्टँड सी-क्लॅम्पनं टेबलालाच आवळा.